कुठवर आला रस्ता?

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चार ओळींची बातमी येते. अमुक खिंडीतला रस्ता बर्फ हटवून वाहतुकीस खुला झाला. 2025 च्या 1 एप्रिलला ही बातमी श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या झोजिला खिंडीची होती. यंदा रस्ता फक्त 32 दिवस बंद राहिला, असे कौतुकाने म्हटले होते. आदल्या वर्षी 35 दिवस, 2023 मध्ये 68, 2022 मध्ये 73. पूर्वी हीच खिंड वर्षातले पाच-सहा महिने मिटलेली असे, म्हणजे आकडे खरेच कौतुकाचे आहेत. माझे घोडे अडते ते ‘खुला झाला’ या शब्दांपाशी. ‘घर आवरलं गेलं’ असे कुणी म्हटले की तुम्हा-आम्हा बायकांना कसे वाटते? अहो, आवरलं कुणी? तसेच मला ती बातमी वाचताना होते.

हे विचारायचा मला थोडा हक्क आहे. आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षे ग्रेफमध्ये डोझर चालवला. ग्रेफ म्हणजे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स. सरहद्दीकडचे रस्ते बांधणारी आणि राखणारी सीमा सडक संघटना 7 मे 1960 रोजी स्थापन झाली, तिचे हे मनुष्यबळ. त्याचे केंद्र आपल्या पुण्याजवळ दिघीला आहे. म्हणून तर पोलादपूरच्या बाजूचा, जन्मात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला हा माणूस तिकडे जाऊन पोचला.

आमचे लग्न 1984 सालचे. पहिली चार वर्षे मी सासरीच होते, आणि हे सुट्टीपुरते येत. काय काम करता म्हणून विचारले की एकच उत्तर, “रस्ता साफ करतो.” सासूबाई शेजारणींना सांगत, “आमचा गणपतीला येतो, तेव्हा तिकडचा रस्ता चालू असतो.” मला वाटे, असेल आपल्या घाटासारखेच. पावसाळ्यात आंबेनळीत नाहीतर वरंध्यात दरड येते, दोन दिवस एस.टी. बंद राहते, माणसे येऊन माती उपसतात, संपले. 1988 च्या फेब्रुवारीत तीन वर्षांच्या मुलाला घेऊन मी मनालीला ह्यांच्याकडे राहायला गेले, आणि ‘रस्ता साफ करणे’ म्हणजे काय ते तेव्हा कळले.

एका लाकडी घराच्या माडीवर आम्ही खोली घेतली होती. घरमालकीण लाहौलची. साठीची बाई, सगळे तिला अम्मा म्हणत. लाहौल म्हणजे रोहतांग खिंडीच्या पलीकडचे खोरे. तिकडच्या पुष्कळ लोकांची अलीकडे कुल्लू-मनालीच्या बाजूलाही घरे असतात. अम्मा हिवाळ्यात मुलाकडे मनालीत राही. तिची धाकटी मुलगी मात्र पलीकडे, केलाँगजवळच्या गावात दिलेली होती. पहिलटकरीण, आणि दिवस एप्रिल-अखेरचे. मनालीपासून ते गाव आपल्या हिशेबाने पुण्याहून महाबळेश्वर, एवढेच. पण मधे रोहतांग. तेरा हजार फूट उंच, आणि डिसेंबरापासून बंद. हेलिकॉप्टर अधूनमधून भुंतरहून जाई, तेही हवा असली तर आणि नंबर लागला तर. आजारी माणसांनाच त्यात जागा पुरत नसे, तिथे लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या म्हातारीला कोण घेणार?

मी आले त्या दिवशीच अम्माने ह्यांना मोडक्या हिंदीत विचारले, “औंदा कधी उघडशील रे?” जणू खिंडीची किल्ली ह्यांच्याच खिशात होती.

मार्चमध्ये काम सुरू झाले आणि हे वर निघून गेले. मनालीपासून खिंडीचा माथा 51 किलोमीटर. आधी कोठी, मग गुलाबा, मग मढी. रस्ता जसजसा वर सरके तसतसा ह्यांचा मुक्कामही वर सरके. खाली आलेला कुणी ट्रकवाला किंवा मजूर निरोप देई, “साहेब आता गुलाब्याच्या वर आहेत.” तो निरोप मी अम्माला सांगे. रोज सकाळी तिचा प्रश्न ठरलेला, “कुठवर आला रस्ता?” मला माझा नवरा कुठवर गेला हे हवे असे, तिला रस्ता कुठवर गेला ते. उत्तर एकच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा मला मढीच्या अलीकडे ट्रकमधून जायला मिळाले. रस्ता कुठे आहे? काही म्हणजे काही दिसत नव्हते. डोंगर, दरी, वळण, सगळ्यांवर एकच पांढरी गोधडी. “रस्ता ओळखता कसा?” मी विचारले. तर म्हणाले, “तू अंधारात घरातला माठ शोधतेस, तसा.” जुन्या माणसांना समोरचा कडा पाहून वळण कळते. एक जण पुढे लांब सळई घेऊन चालतो, बर्फात खुपसतो आणि खाली कठीण लागते का पाहतो. नंतर डोझर. बर्फ एकदम खालून उकरायचा नसतो, नाहीतर वरचा थर अंगावर येतो. वरून एकेक थर कापत उतरायचे आणि कापलेला बर्फ दरीच्या अंगाला ढकलायचा. धोका तिथेच. कडेला बर्फ साचून पुढे छज्जासारखा वाढलेला असतो. दिसायला घट्ट जमीन, आणि खाली पोकळी. डोझरच्या पात्याने किती पुढे जायचे हे चालवणाऱ्याच्या बुडाला कळावे लागते. हे ह्यांचेच शब्द. सभ्य शब्द मला सुचत नाही!

बर्फ फेकणारे यंत्रही असते, स्नो कटर म्हणतात. पुढच्या बाजूला गिरणीतल्या मळसूत्रासारखी फिरणारी पाती असतात. ती बर्फ आत ओढतात, आणि वरच्या नळकांड्यातून तो फवाऱ्यासारखा लांब उडतो. दिसायला फार देखणे. आमचा मुलगा टाळ्या पिटायचा. पण हे यंत्र भुसभुशीत बर्फाला चांगले. जिथे हिमकडा कोसळून आलेला असतो तिथला बर्फ सिमेंटसारखा थिजलेला असतो, आणि त्यात अख्खे देवदार आणि घमेल्याएवढे धोंडे असतात. तिथे कटरची पाती मोडतात. मग डोझरशिवाय इलाज नाही.

आणि वेळ! आपण घरात म्हणतो ना, ऊन वर यायच्या आत वाळवणं घालून घ्यावीत, तिथेही उन्हाच्या आतच सगळे. रात्रभर थिजलेला बर्फ सकाळी घट्ट असतो, तो वजन धरतो. ऊन तापले की डोंगरावरचा बर्फ सुटू लागतो आणि दुपारी कडे कोसळतात. म्हणून पहाटे इंजिन चालू करायचे. ते इंजिन थंडीने इतके गारठलेले असे की खाली जाळ करून आधी त्याला शेकावे लागे. बाळंतिणीला शेगडी देतात तसे, असे मी म्हटले की हे हसत.

सर्वांत जिवावरची जागा मढीच्या वर, राणी नाला. दोन्हीकडून घसरण. तिथे बर्फाच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन माणसांएवढ्या सहज उभ्या राहत, आणि खणलेले रात्रीतून पुन्हा भरून जाई. आठ दिवसांचे काम एका वादळात पाण्यात. बर्फातच म्हणा. मला तर हे ऐकून ओटा आठवे. पुसला की लगेच कुणीतरी दूध उतू घालवते.

हे आठ-दहा दिवसांनी कधीतरी खाली येत. चेहरा काळाठिक्कर, फक्त चष्म्याखालची कातडी गोरी. चष्मा लावला नाही तर बर्फावरून उसळणाऱ्या उन्हाने डोळे जात. डोळ्यांत वाळू भरल्यासारखी होई, दोन-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागे. कपड्यांना डिझेलचा असा वास की धुण्याच्या सोड्यात दोनदा बुडवले तरी जात नसे. माझा सगळा जीव डब्यात. काय पाठवावे? तुपातले लाडू पाठवले, तर ते दगड झाले आणि हातोडीने फोडून खाल्ले. शेंगदाणा तेलातले लोणचे थिजून त्याचा वड्यांसारखा गोळा झाला. अम्मा म्हणाली, राईचं तेल घाल. ते थिजले नाही. चिवडा, भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि मेतकूट हे चार शेवटपर्यंत टिकले. वरण तिथे शिजत नसे, कारण त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळते. डाळ तासन्‌तास रटरटत राहते, आणि कच्ची ती कच्चीच. म्हणून मी माझा लग्नातला कुकर वर पाठवून दिला, रबरी रिंग जास्तीची एक घालून. तो परत आला तेव्हा त्याला पोचे किती आले होते ते मोजले नाही.

डोझर चालवणारे आमच्यासारखे मोजकेच. त्यांच्यामागे फावडी घेऊन मजुरांची रांग असे. यंत्राला न जमणारा कडेकोपऱ्याचा बर्फ काढायचा, वितळलेल्या पाण्याला वाट करून द्यायची, रात्री त्याच पाण्याचा काचेसारखा थर होतो त्यावर माती पसरायची. ही माणसे बहुतेक दुमक्याकडची. तेव्हा दुमका बिहारात होता, आता झारखंडात. जिथे आयुष्यात कधी स्वेटर लागत नाही अशा मुलखातली माणसे दर वसंतात हिमालयात फावडे मारायला येतात. अजूनही येतात. 2020 च्या जूनमध्ये साथीच्या दिवसांत सगळे जग घरी बसले होते, तेव्हा सीमेवरच्या रस्त्यांसाठी त्यांना आणायला दुमक्याहून खास रेल्वेगाडी निघाली होती.

त्यांतल्या बऱ्याच जणांना लिहिता येत नसे. पगार झाला की खाली आलेले मजूर आमच्या जिन्याखाली उभे राहत आणि मी त्यांचे मनीऑर्डरचे फॉर्म भरून देई. नवऱ्याचे नाव, गाव, डाकघर, थाना, जिल्हा. महिन्याभरात मला वीस-बावीस बायकांची नावे पाठ झाली. त्यांना मी कधी पाहिले नाही, पण कुणाची सासू खाष्ट आणि कुणाच्या घराला गवत घालायचे राहिले आहे, हे मला ठाऊक! फॉर्मच्या खाली निरोपापुरती चार ओळींची जागा असते. त्या चार ओळींत काय लिहू म्हणून विचारले की माणसे लाजत.

त्यांत एक मुलगा होता. वीस-एकवीस वर्षांचा, लग्नाला वर्ष झालेले. तो दर वेळी एकच सांगे, “लिहा, खुशाल आहे. काम हलकं आहे.” एकदा मी म्हटले, “अरे, हलकं कसं? हात बघ तुझे!” हातांना भेगा पडून रक्त साकळलेले. तो म्हणाला, “तिनं बर्फ पाहिलेला नाही, दीदी. काय लिहिणार?” मी ‘काम हलकं आहे’ असे लिहिले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ढग आले. दोन दिवस वर बर्फ पडला, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. अम्मा अंगणात उभी राहून डोंगराकडे बघत म्हणाली, “आज वर काम करू नये.” तिला कुठल्या खात्याने शिकवले नव्हते. तिच्या लोकांनी 1979 चा मार्च पाहिलेला होता. त्या महिन्यात लाहौलात हिमकडे कोसळून दोनशेहून जास्त माणसे गेली होती. संध्याकाळी खालच्या बाजारात कुजबूज ऐकू आली की राणी नाल्यात कडा आला, माणसे दबली. किती, कोण, काही कळेना. आमच्या बाजूच्या खोल्यांत ग्रेफवाल्यांच्या तिघी बायका होत्या, एक गढवालची, एक पंजाबी, एक केरळची. कुणाची भाषा कुणाला धड येत नव्हती. त्या रात्री चौघी माझ्या खोलीत बुखारीभोवती बसून राहिलो. गढवालची सारखी लाकडे घालत होती, गरज नसताना. मी कणीक मळून ठेवली, इतकी की सकाळी ती सगळ्या आळीला वाटावी लागली.

पहाटे निरोप आला. चौघींचीही माणसे सुखरूप होती. चार मजूर दबले होते. तिघांना ह्यांनी आणि इतरांनी फावड्यांनी, हातांनी उकरून जिवंत काढले. चौथा सापडला तो दुसऱ्या दिवशी. तो तोच मुलगा.

आपला माणूस सुखरूप आहे हे कळल्यावर जो श्वास सुटतो, तो सुटलाच माझा. त्यानंतर कोण गेले ते कळले. ह्या दोन्हींचे काय करायचे, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

सरकारी तार गेली. पण मुकादम माझ्याकडे आला आणि म्हणाला, “तार इंग्रजीत असते, बहेनजी. तुम्ही एक चिठ्ठी लिहा. तुमचं अक्षर ती ओळखते.” ओळखते म्हणजे काय, तिलाही वाचता येत नव्हते. डाकवाला वाचून दाखवी आणि त्यांच्या संथाळीत सांगे. पण दर वेळी तेच अक्षर तिने पाहिले होते. मी बसले. चार कागद फाडले. काम हलकं आहे असे ज्या अक्षराने लिहिले त्याच अक्षराने हे लिहायचे होते. शेवटी साधेच लिहिले. कधी झाले, कुठे झाले, त्याला फार वेळ यातना झाल्या नाहीत असे डॉक्टर म्हणाले, सोबतच्यांनी सगळे विधी नीट केले. त्याच्या पेटीत मनालीच्या बाजारात घेतलेली एक लाल शाल होती, घडी न मोडलेली, ती पाठवत आहोत. एवढेच.

हे घरी आले तेव्हा मी पहिल्यांदाच भांडले. म्हटले, “हा बर्फ जुलैपर्यंत आपोआप वितळणारच आहे ना? देवाचं ऊन फुकट आहे. मग दोन महिने आधी रस्ता उघडायला माणसं कशाला घालायची?” हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “लाहौलात पेरणी एप्रिल-मेमध्ये होते. बटाट्याला, मटाराला खत लागतं, ते ट्रकनेच जातं. पेरणी चुकली की वर्ष गेलं, तिथे दुसरं पीकच नाही. मीठ, रॉकेल, औषधं हिवाळ्यात संपलेली असतात. आणि लोक थांबत नाहीत. रस्ता नसला तरी चालत खिंड ओलांडतात.” ते खरे होते. मी पाहिलेले होते. पलीकडच्या कोकसरहून माणसे बर्फ घट्ट असताना मध्यरात्रीनंतर निघत, पोरे पाठीला बांधून, आणि दुपारचा वारा सुटायच्या आत मढी गाठत. त्यांच्यासाठी मढीला आणि कोकसरला सरकारी मदतीची ठाणीही असत. रोहतांग या नावाचाच अर्थ मृतांचा ढीग असा सांगतात. दर वर्षी कुणीतरी तिथे राही. म्हणजे रस्ता उघडायला माणसे जातात, आणि न उघडावा तरी जातात. हिशेब मांडला तर ह्यांची बाजू बरोबर निघते. मला तो हिशेब पटला. पण दुमक्याकडची ती बाई त्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरायची, हे मात्र ह्यांनाही सांगता आले नाही.

त्या दिवसानंतर अम्माने ‘कुठवर आला रस्ता’ विचारणे बंद केले. मीच जाऊन सांगे.

मे महिन्याच्या मध्यावर पलीकडून वर येणारी तुकडी आणि अलीकडची तुकडी माथ्यावर भेटल्या. नारळ फुटला, पेढे वाटले, साहेबलोकांचे हात मिळवून झाले, फोटो निघाला. चार दिवसांनी केलाँगची पहिली बस सुटली. अम्मा पहाटे चारपासून तयार. तीन गाठोडी, त्यांत मी दिलेले डिंकाचे लाडू आणि एक दुपटे. मुलगी बाळंत झाल्याचा निरोप चालत आलेल्या एका गावकऱ्याने आधीच आणला होता. नात झाली होती, दोघी ठीक होत्या, आणि तीन आठवड्यांची नात अजून आजीने पाहिली नव्हती.

त्या बसच्या पुढे-मागे ह्यांची ड्यूटी होती. राणी नाल्यापाशी अम्माने बस थांबवायला लावली. ड्रायव्हर कुरकुरला, ती जागाच थांबण्याची नव्हे. पण म्हातारी उतरली. देवाला घालतात तो पांढरा रेशमी खतक तिने पदराआडून काढला, बर्फाच्या भिंतीत एक काठी खोचून तिला बांधला, हात जोडले, आणि काही न बोलता बसमध्ये जाऊन बसली. हे मला ह्यांनी रात्री सांगितले. सांगून झाल्यावर उठून मुलाच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले, ते सारखेच होते तरी.

पुढे वीस-बावीस वर्षे ह्यांची ती नोकरी चालू राहिली. कधी अरुणाचल, कधी पुन्हा हिमाचल. मी मुलांच्या शाळेसाठी पुण्याला राहिले. आता डोझरला बंद केबिन आली, आत हीटर आला, हिमकडे कधी सुटतील याचे इशारे मिळू लागले. रोहतांगच्या खालून 9 किलोमीटरचा अटल बोगदा झाला. तो 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला, आणि लाहौलचा हिवाळी तुरुंगवास बराचसा संपला. झोजिलाखालीही तेरा किलोमीटरहून लांब बोगद्याची खोदाई 2020 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. मला विचाराल तर बोगद्यासारखा पुण्याचा खर्च नाही. पण मनालीहून लेहला जाताना बोगद्यापुढे बारालाचा आणि तंगलंग या सोळा-सतरा हजार फुटांच्या खिंडी उघड्याच आहेत. तिथला बर्फ अजून माणसेच काढतात. दीपक प्रकल्पाची माणसे अलीकडून आणि हिमांकची लेहकडून येतात आणि सरचूजवळ एकमेकांना भेटतात. त्याचीही चार ओळींची बातमी येते.

2023 च्या जूनमध्ये मुलाने आम्हा दोघांना मनालीला नेले. बोगद्यातून पलीकडे सिस्सूला पोचायला दहा-बारा मिनिटे लागली. ह्यांनी घड्याळात बघून एकदा ‘हं’ केले. दुसऱ्या दिवशी परवाना काढून जुन्या रस्त्याने खिंडीवर गेलो. पर्यटकांची ही गर्दी, भाड्याचे कोट, मक्याची कणसे. राणी नाल्यापाशी बर्फाची भिंत अजून डोक्याएवढी होती. हे गाडीतून उतरले, भिंतीवरून हात फिरवला आणि सुनेला सांगू लागले, “हे कटरने कापलंय. डोझरचा काप असा गुळगुळीत येत नाही.”

थोडे पुढे सात-आठ मजूर कडेचे गटार मोकळे करत होते. ह्यांनी विचारले, “कुठले रे?” एक जण म्हणाला, “दुमका, बाबूजी.” मग ह्यांना काय विचारावे ते सुचेना. मीच पुढे झाले.

“घरी पैसे कसे पाठवता?”

“फोनवरून, माताजी. तेव्हाच्या तेव्हा पोचतात.”

“आणि निरोप?”

तो हसला. खिशातून फोन काढून हातमोजा दातांनी ओढला, आणि मला बायकोचा फोटो दाखवला. म्हणाला, “रोज रात्री व्हिडिओवर बोलतो. काल तिला हा बर्फ दाखवला. म्हणाली, एवढं सगळं तू एकटा काढणार?”